मोरचूद, चुना आणि रासायनिक क्रियांचे प्रकार

रसायनशास्त्र म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें कांचेच्या नळ्या, धुराचे लोट आणि कितीहि घोकलीं तरी पाठ न होणारीं समीकरणें उभीं राहतात. हें शास्त्र प्रयोगशाळेच्या चार भिंतींआड नांदतें व शेतकऱ्याच्या किंवा गृहिणीच्या व्यवहाराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, असा समज त्यामुळें दृढ होतो. वास्तविक पाहतां चुलींत लाकूड जळतें, विळ्याला गंज चढतो, दुधाचें दहीं होतें, भिंतीला दिलेला चुना वाळून पक्का होतो, या सर्व रासायनिक क्रियाच होत. त्यांची संख्या अगणित असली तरी त्यांचे मुख्य प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ते ओळखतां आले म्हणजे पुष्कळ घोकंपट्टी वांचते, आणि कित्येकदां नुकसानहि टळतें.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील जऊळका हें अकोला-पूर्णा लोहमार्गावरील एक स्टेशन. या जिल्ह्यांत काळ्या जमिनींत सोयाबीन, तूर व कापूस होतो आणि जेथें पाण्याची सोय आहे तेथें संत्र्याच्या बागाहि दिसतात. संत्र्याच्या झाडाला डिंक्या नांवाचा एक दुष्ट रोग जडतो. जमिनींतील बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव बुंध्यांत शिरतो, साल कुजते, तींतून डिंक पाझरूं लागतो आणि वेळींच उपाय न केल्यास पोसलेलें झाड वाळून जातें. एक झाड फळास येईपर्यंत पांच-सहा वर्षें जातात. तेव्हां असें झाड जाणें म्हणजे घरांतील कर्ता मुलगा जाण्यासारखें वाटतें. या रोगास आळा घालण्यासाठीं बागाइतदार पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला निळसर मलम लावतात, व इतर बुरशीजन्य रोगांसाठीं त्याच जातीचें पातळ मिश्रण पानांवर फवारतात. हेंच तें बोर्डो मिश्रण. त्यांतील जिन्नस तीनच : मोरचूद, चुना आणि पाणी. परंतु या तीन जिनसांच्या जन्मकथेंत व संयोगांत रसायनशास्त्राच्या पहिल्या पुस्तकांतील जवळ जवळ सर्व प्रकारच्या क्रिया आढळतात.

प्रथम रासायनिक क्रिया कशाला म्हणावें हें पाहूं. मीठ पाण्यांत विरघळतें, पाणी आटवलें कीं तेंच मीठ परत मिळतें. येथें पदार्थाचें रूप बदललें, जात बदलली नाहीं. लाकूड जळून राख झाली म्हणजे त्या राखेचें लाकूड पुन्हा होत नाहीं. येथें जातच बदलली. पदार्थांचे अणु एकमेकांशीं ज्या बंधांनीं जोडलेले असतात ते बंध तुटणें आणि नवे बंध जुळणें, यांतच रासायनिक क्रियेचें मर्म आहे. मात्र या घडामोडींत एकहि अणु नवा उत्पन्न होत नाहीं कीं नष्ट होत नाहीं. फ्रान्समधील लाव्हाझिए यानें तराजू हातीं घेऊन हें सिद्ध केलें आणि १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तें स्पष्ट शब्दांत मांडलें. क्रियेपूर्वींचें वजन व क्रियेनंतरचें वजन सारखेंच भरावयास पाहिजे. कमी भरलें तर कांहीं तरी हवेंत निसटलें आहे असें समजावें. वाण्याच्या वहींत जमा व खर्च जुळावे लागतात, तसाच हा हिशेब आहे.

आतां चुन्यापासून आरंभ करूं. चुनखडीचे दगड भट्टींत घालून सुमारें नऊशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविले म्हणजे त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व मागें कळीचा चुना राहतो. एका पदार्थाचे दोन किंवा अधिक पदार्थ होणें, या प्रकाराला विघटन म्हणतात. शुद्ध चुनखडीचे १०० किलो घेतल्यास ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि उरलेले ४४ किलो वायुरूपानें उडून जातात. भट्टींतून निघालेला खडा दगडापेक्षां हलका कां लागतो, याचें उत्तर या हिशेबांत आहे. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें सखल जागीं सांचतो. म्हणून थंडीच्या दिवसांत ऊब मिळते म्हणून चुन्याच्या भट्टीच्या तोंडाशीं निजणें हें मृत्यूच्या उशाशीं निजणें होय.

विघटनाचें दुसरें उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत आहे. उल्कापातानें काळ्या पाषाणांत निर्माण झालेलें लोणारचें सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचें विवर प्रसिद्धच आहे. त्यांतील सरोवराचें पाणी खारें तर आहेच, शिवाय सोड्याच्या अंशामुळें तें अल्कधर्मी आहे. या भागांत कांच व साबण करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळच्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथांतहि आहे. अशा खारांत धुण्याचा सोडा असतो आणि खाण्याचा सोडाहि असतो. खाण्याचा सोडा तापविला कीं त्यांतून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निघून धुण्याचा सोडा मागें राहतो. भजीं तळतांना पिठांत टाकलेली सोड्याची चिमूट त्यांना फुलविते, ती या वायूच्या बळावर. मोरचुदाचा निळा खडा तव्यावर तापविला तर तो पांढुरका होऊन त्याची भुकटी होते, कारण खड्याच्या वजनापैकीं शेंकडा ३६ भाग बांधलेलें पाणी असतें व तें उडून जातें. त्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकतांच ती पुन्हा निळी होते.

हा थेंब दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे संयोगाकडे, नेतो. दोन किंवा अधिक पदार्थ मिळून एकच नवा पदार्थ होणें म्हणजे संयोग. कळीच्या चुन्यावर पाणी घातलें कीं तो सुसूं लागतो, फुगतो, फुटतो आणि वाफेचे लोट उठतात. कळीच्या चुन्याच्या ५६ भागांशीं पाण्याचे १८ भाग संयोग पावून विरलेल्या चुन्याचे ७४ भाग होतात. या क्रियेंत इतकी उष्णता बाहेर पडते कीं पाणी उकळूं लागतें. कांहीं क्रिया उष्णता बाहेर टाकतात व कांहीं ती शोषून घेतात. भट्टींत चुन्याला जी उष्णता द्यावी लागली तिचा कांहीं अंश तो येथें परत करतो, असें म्हणतां येईल. चुना विरवितांना डोळ्यांत शिंतोडा गेल्यास दृष्टि जाण्याचा संभव असतो. म्हणून मुलांना दूर ठेवावें, तोंड भांड्यावर धरूं नये, आणि पाणी थोडें थोडें घालावें. शिंतोडा गेलाच तर स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ डोळा धुवावा व विलंब न करतां डॉक्टराकडे जावें.

विरलेला चुना हवेंत उघडा पडला तर स्वस्थ बसत नाहीं. हवेंतील कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो व पाणी सोडतो. भिंतीला दिलेला चुना यामुळेंच पक्का होतो, आणि चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली असतां ती दुधासारखी गढूळ होते तीहि यामुळेंच. कारण श्वासावाटें हा वायु बाहेर पडतो. दगडापासून चुना आणि चुन्यापासून पुन्हा दगड, असें हें चक्र आहे. एकच क्रिया भट्टीच्या उष्णतेंत एका दिशेनें चालते व भिंतीवर थंडपणीं उलट दिशेनें फिरते. परंतु जी गोष्ट गवंड्याच्या हिताची तीच बागाइतदाराच्या मुळावर येते. पावसाळाभर उघड्या पोत्यांत पडून राहिलेला चुना पुष्कळसा चुनखडीच झालेला असतो. तो दिसावयास पांढरा असतो, वजनांतहि भरतो, परंतु मोरचुदाची तीव्रता मोडण्याचें त्याचें सामर्थ्य गेलेलें असतें. असा चुना वापरून केलेलें मिश्रण पानें जाळतें.

कां जाळतें, हें कळण्यास तिसरा प्रकार पाहिला पाहिजे. त्याला परस्परविनिमय किंवा दुहेरी विघटन म्हणतात. मोरचुदांत तांबें आणि गंधकाम्लाचा अंश यांची जोडी असते. विरलेल्या चुन्यांत कॅल्शियम आणि जलांश यांची जोडी असते. दोन्ही द्रावणें एकत्र आलीं कीं जोड्यांची अदलाबदल होते. जलांश तांब्याकडे जातो व आकाशी रंगाचा दाट साका तयार होतो, आणि कॅल्शियम गंधकाम्लाच्या अंशाशीं जुळून जिप्सम होतें. पाण्यांत न विरघळणारा साका तळाशीं बसला कीं तो क्रियेंतून बाहेर पडला, त्यामुळें अदलाबदल शेवटास जाते. हा निळा साका पानावर पातळ पापुद्र्यासारखा बसतो. दंवाचें पाणी आणि हवेंतील कार्बन डायऑक्साइड यांच्या योगानें त्यांतून अत्यल्प तांबें हळूहळू सुटतें, तें बुरशीच्या बीजाणूंना मारतें, पण पानाला इजा करीत नाहीं. मोरचूद नुसताच फवारला तर सगळें तांबें एकदम मोकळें असतें व तें बुरशीबरोबर पानालाहि मारतें. तांब्याला बांधून ठेवणें आणि थोडें थोडें सोडणें, हेंच चुन्याचें काम होय.

या मिश्रणाचा शोध मोठ्या गमतीनें लागला. फ्रान्समध्यें बोर्डो शहराजवळील मेडॉक भागांत रस्त्यालगतच्या द्राक्षवेलींचीं फळें वाटसरू तोडून नेत. त्यांना भय वाटावें म्हणून बागवाले वेलींवर मोरचूद व चुना यांचा निळा काला शिंपडीत. १८८२ सालीं बोर्डो विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे याच्या लक्षांत आलें कीं सर्वत्र भुरीसारख्या केवडा रोगानें पानें गळालीं असतां या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. त्यानें गेयॉं या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्यानें प्रयोग केले व १८८५ मध्यें हा उपाय जाहीर केला. चोरांसाठीं योजलेली युक्ति रोगावर लागू पडली. परंतु ती पाहणारा डोळा अभ्यासाचा होता, म्हणूनच तिचें शास्त्र झालें.

प्रमाणाचा हिशेबहि पाहण्यासारखा आहे. फवारणीचें एक टक्का मिश्रण करण्यास १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मलमासाठीं तेवढेच जिन्नस १० लिटर पाण्यांत. रसायनशास्त्राच्या हिशेबानें १ किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना सुमारें सव्वादोनशें ग्रॅमच पुरतो. मग किलोभर कां घ्यावा? याचें कारण उघड आहे. बाजारांतील चुना शुद्ध नसतो, त्यांत खडे व न भाजलेला दगड असतो, शिवाय थोडासा चुना हवेनें मेलेला असतो. थोडा चुना अधिक झाला तर मिश्रण सौम्य राहतें. कमी पडला तर बाग जळते. दोन चुकांपैकीं जी कमी घातक, तिच्या बाजूस व्यवहारानें झुकतें माप दिलें आहे.

तरीहि चुना पुरेसा पडला कीं नाहीं हें कसें ओळखावें? येथें चौथा प्रकार, म्हणजे विस्थापन, मदतीस येतो. लोखंडाचा स्वच्छ घासलेला चाकू तयार मिश्रणांत कांहीं मिनिटें बुडवून धरावा. पात्यावर तांबूस झांक आली तर मिश्रणांत मोकळें तांबें शिल्लक आहे असें समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. पातें जसेंच्या तसें निघालें तर मिश्रण फवारण्यास योग्य झालें. यांतील मर्म असें कीं लोखंड हें तांब्यापेक्षां अधिक क्रियाशील आहे. तें मोरचुदांतील तांब्याला हुसकावून त्याची जागा स्वतः घेतें. हुसकावलेलें तांबें पात्यावर येऊन बसतें. लोखंडाचे ५६ भाग विरघळले म्हणजे तांब्याचे साडेत्रेसष्ट भाग बाहेर पडतात आणि निळें द्रावण फिकट हिरवें होऊन त्याचा हिराकस होतो. उलट हिराकसाच्या द्रावणांत तांब्याची तार महिनाभर ठेवली तरी कांहीं होत नाहीं, कारण दुर्बळाला बलवानाची जागा घेतां येत नाहीं. जस्त, लोखंड, शिसें, तांबें, चांदी, सोनें अशी ही धातूंची पंगत आहे. वरचा खालच्याला उठवितो, खालचा वरच्याला उठवूं शकत नाहीं. सोनें शतकानुशतकें झळकत राहतें तें याच कारणानें कीं तें पंगतीच्या शेवटीं बसलेलें आहे.

याच नियमावरून दुसरा धडा निघतो. मोरचूद लोखंडी बादलींत किंवा जस्ताच्या पत्र्याच्या डब्यांत कधींहि भिजवूं नये. बादलीचें लोखंड विरघळून जाईल, मोरचुदांतील तांबें बादलीच्या अंगावर बसेल, आणि फवारणींत औषधाऐवजीं हिराकसाचें पाणीच जाईल. मातीचें, लाकडाचें किंवा प्लॅस्टिकचें भांडें घ्यावें. पूर्वींचे लोक हें अनुभवानें पाळीत. विस्थापनाचा नियम कळला म्हणजे तें समजून पाळतां येतें.

विस्थापनाचें एक मोठें रूप लोहमार्गावर पाहावयास मिळतें. जऊळक्यावरून जाणारा मार्ग पूर्वीं मीटरगेज होता. २००८ सालीं तो ब्रॉडगेज झाला. आजकाल रुळांचे तुकडे एकमेकांस जोडण्यासाठीं ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाची गंजासारखी भस्में यांचें मिश्रण पेटवितात. ॲल्युमिनियम हें लोखंडापेक्षांहि बलवान. तें लोखंडाजवळचा प्राणवायु हिसकावून घेतें व लोखंड मोकळें होतें. त्या झटापटींत इतकी उष्णता निघते कीं लोखंड रसरूप होऊन रुळांच्या फटींत ओततें व सांधा एकजीव होतो. जर्मनींतील गोल्डश्मिट यानें १८९५ मध्यें या कृतीचें पेटंट घेतलें. बागाइतदाराच्या चाकूवरील तांबूस झांक आणि रुळावरील तो डोळे दिपविणारा प्रकाश हीं एकाच क्रियेचीं दोन रूपें आहेत.

पांचवा प्रकार ज्वलनाचा व त्याच्या भाऊबंदांचा. लाकूड, कोळसा, तेल हे हवेंतील प्राणवायूशीं झपाट्यानें संयोग पावतात तेव्हां ज्योत दिसते. लोखंड प्राणवायु व ओलावा यांच्याशीं संथपणें संयोग पावतें तेव्हां गंज दिसतो. गति निराळी, जात एकच. प्राणवायु पुरेसा मिळाला तर कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होतो. अपुरा मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड हा वायु होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांत शिरून प्राणवायूची जागा अडवितो. थंडींत दारें-खिडक्या लावून शेगडी जवळ घेऊन निजलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत, त्याचें कारण हें. शेगडी खोलींत ठेवून निजूं नये, हा नियम कोणत्याहि समीकरणापेक्षां अधिक लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

सहावा प्रकार अम्ल आणि अल्क यांच्या भेटीचा. दोहोंची तीव्रता एकमेकांस मारते व मीठ आणि पाणी तयार होतें. याला उदासीनीकरण म्हणतात. हा परस्परविनिमयाचाच एक विशेष भाग होय. पोटांतील अम्ल वाढलें असतां घेतलें जाणारें पांढरें औषध हेंच काम करतें. याच्या शेजारींच दोन धोके उभे आहेत. अमोनियम सल्फेट हें खत चुन्याबरोबर मिसळलें तर जोड्यांची अदलाबदल होऊन अमोनिया उडून जातो. शेतकऱ्यानें पैसे देऊन आणलेला नत्र वाऱ्यावर जातो. आणि शौचालय धुण्याचें अम्ल ब्लीचिंग पावडरींत मिसळलें तर क्लोरीन हा विषारी वायु सुटतो. दोन चांगल्या वस्तु एकत्र केल्या म्हणजे दुप्पट चांगली वस्तु होते, हा समज रसायनशास्त्रांत टिकत नाहीं.

हे सहा प्रकार बाह्य रूपावरून पाडलेले आहेत. आंत पाहिलें तर आणखी एक भेद दिसतो. प्रत्येक अणूंत इलेक्ट्रॉन नांवाचे ऋण विद्युत्कण असतात. इंग्लंडांतील थॉमसन यानें १८९७ सालीं त्यांचें अस्तित्व दाखविलें. चाकूवर तांबें बसतें तेव्हां लोखंडाचा अणु आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याला देतो. देणाऱ्याचें ऑक्सिडीकरण झालें, घेणाऱ्याचें क्षपण झालें. एकाशिवाय दुसरें होत नाहीं, जसें घेणारा असल्याशिवाय दान होत नाहीं. ज्वलन, गंज आणि विस्थापन यांत अशी देवघेव असते. परंतु चुनखडी भाजणें, चुना विरविणें, मोरचूद व चुना यांची अदलाबदल होणें, अम्ल व अल्क यांची भेट होणें, यांत जोड्या बदलल्या तरी इलेक्ट्रॉनांचें दान होत नाहीं. म्हणून एकच क्रिया दोन नांवांनीं ओळखली गेली तर गोंधळून जाऊं नये. एकच मनुष्य घरांत पिता व शाळेंत मास्तर असतो, तसेंच तें आहे.

आतां सर्व प्रकार एकत्र योजून मिश्रण कसें करावें हें सांगतां येतें. मोरचूद आदल्या रात्रीं मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत ५० लिटर पाण्यांत भिजवावा. ताजा कळीचा चुना थोड्या पाण्यांत सावधपणें विरवून, निवूं देऊन, फडक्यानें गाळून त्याचें ५० लिटर दूध करावें. दोन्ही थंड झाल्यावर एका तिसऱ्या भांड्यांत एकदम ओतावीं व लाकडाच्या काठीनें ढवळीत राहावें. आकाशी रंग आला, चाकूची परीक्षा झाली, कीं त्याच दिवशीं फवारावें. शिळें मिश्रण जमून जातें व पानाला चिकटत नाहीं. या कृतींतील प्रत्येक सूचनेमागें वर सांगितलेल्यांपैकीं एक क्रिया उभी आहे. ताज्या चुन्यामागें हवेशीं होणारा संयोग, थंड होऊं देण्यामागें विरण्याची उष्णता, मातीच्या भांड्यामागें विस्थापन, आकाशी रंगामागें परस्परविनिमय.

सारांश, रासायनिक क्रियांचे प्रकार हे परीक्षेपुरते पाठ करण्याचे कप्पे नव्हेत. पुढें काय होईल हें आधीं सांगतां यावें, यासाठीं ते आहेत. ज्याला कारण कळलें आहे तो नवा जिन्नस हातीं आला तरी विचार करून पाऊल टाकतो. ज्याला केवळ कृति पाठ आहे तो एक भांडें बदललें तरी फसतो. शाळेंत हे प्रकार शिकविणाऱ्यांनीं एखादा मोरचुदाचा खडा, एक खिळा आणि मूठभर चुना वर्गांत आणावा. खर्च कांहीं रुपयांचा आहे, आणि त्या वर्गांतील एखाद्या मुलाच्या घरची बाग त्यामुळें वांचेल.